सिंहाला नाव देणारे गुराखी

केनियाच्या दक्षिण सीमेवर, किलिमांजारोच्या उत्तरेला अंबोसेली राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे 392 चौरस किलोमीटर. हत्तींसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे, पण सिंहाच्या हिशेबाने ही जागा म्हणजे नुसते अंगण. किलिमांजारोच्या पोटातून झिरपून आलेल्या पाण्याच्या तिथे दलदली आहेत. कोरड्या महिन्यांत झेब्रे आणि विल्डबीस्ट या दलदलींभोवती गोळा होतात, तोवर सिंहही तिथेच रेंगाळतात. पाऊस पडून कुरणे हिरवी झाली की कळप पांगतात आणि सिंह त्यांच्या मागोमाग उद्यानाबाहेर पडतात. बाहेर, पूर्वेकडे चुलू टेकड्या आणि त्सावोपर्यंतचा बराचसा मुलूख मसाई गुराख्यांच्या कुरणांचा आहे. या भागातला सिंह जगेल की मरेल, हे बहुतांशी गुराख्यांच्या वस्त्यांत ठरते.

आफ्रिकेत आज साधारण 20 ते 25 हजार सिंह उरले आहेत, आणि ते एकेकाळी जितक्या प्रदेशात फिरत त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी जागेत. केनियात 2021 साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय वन्यजीव गणनेत 2,589 सिंह मोजले गेले. या घसरणीची कारणे सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच आहेत: शेती वाढली, हरणवर्गातली जनावरे घटली, आणि गुरांवर हात टाकणाऱ्या सिंहाला माणसाने मारले. मसाईंच्या मुलखात यातले तिसरे कारण सर्वांत मोठे होते. तिथे ते ज्या रीतीने हाताळले गेले, तिचा अभ्यास पुढे बराच झाला.

मसाईंचे सगळे जीवन गाईभोवती फिरते. एन्काई या देवाने आभाळातून चामड्याच्या वादीवरून गाई खाली सोडल्या आणि त्या मसाईंच्या स्वाधीन केल्या, अशी त्यांची कथा आहे. दूध हे रोजचे अन्न. लग्नातले देणे, दंड, मैत्रीची भेट, सगळे गाईंत मोजले जाते. कळपातली प्रत्येक गाय रंगावरून, शिंगांवरून, वंशावरून ओळखली जाते. कपिला, ढवळी अशा नावांनी गाईला हाक मारणाऱ्या मराठी शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. मात्र मसाई रानातल्या जनावरांचे मांस एरवी खात नाहीत, फार मोठ्या दुष्काळातच त्याकडे वळत. पूर्व आफ्रिकेतले कितीतरी नामांकित वन्यजीव प्रदेश मसाईंच्या जुन्या कुरणांवर आहेत, त्याचे एक मोठे कारण हे आहे. झेब्रा आणि गाय एकाच गवतावर चरत आली, आणि झेब्र्यावर जगणारा सिंहही त्यामुळे टिकला.

मसाई वस्तीला ‘एन्कांग’ म्हणतात. बाभळीच्या जातीच्या काटेरी फांद्यांचे गोल कुंपण, त्याच्या आतल्या कडेने शेणामातीने लिंपलेली बुटकी घरे, आणि मधे रात्री गुरे कोंडायची जागा. धनगरांच्या वाड्याचीच ही मोठी आणि पक्की आवृत्ती म्हणता येईल. स्वाहिली भाषेत अशा आवाराला ‘बोमा’ म्हणतात आणि हाच शब्द सगळीकडे रूढ झाला आहे. दिवसा गुरे राखायचे काम बहुधा लहान मुलांकडे असते. संध्याकाळी कळप मोजून आत घेतला जातो, आणि धोक्याची खरी सुरुवात याच मोजणीत होते. एखादे जनावर मागे राहिले, वाट चुकले, दुसऱ्या कळपात मिसळले, तर ते रात्री उघड्या रानात राहते. सिंहाच्या तोंडी पडणाऱ्या गुरांत अशा चुकलेल्या गुरांचा वाटा मोठा असतो. कुंपण कच्चे असेल तर सिंह बोमाजवळ येऊन डरकाळी फोडतो, आतली गुरे बिथरून कुंपण तोडून बाहेर पळतात आणि मग बाहेर शिकार सोपी होते. संख्येने पाहिले तर शेळ्यामेंढ्यांचे जास्त नुकसान तरस करतात. पण सिंह गाय मारतो, आणि गाय गेली की त्या घराची पत, पोराच्या लग्नाची बेगमी आणि रोजचे दूध एकदम जाते. पर्यटक ज्या सिंहाचे छायाचित्र काढून समाधानाने परततो, त्याच्या जेवणाचा खर्च हा असा तिसऱ्याच माणसाच्या खिशातून होतो.

सिंहाला मारण्याच्या मसाई परंपरेत दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. एक सूडाची शिकार, तिला ‘ओल्कियोई’ म्हणतात. सिंहाने गुरे मारली की तरुण भाले घेऊन माग काढतात आणि त्याला घेरतात. दुसरी ‘ओलामायो’, म्हणजे कोणतीही कळ नसताना, केवळ शौर्य सिद्ध करण्यासाठी केलेली शिकार. मसाई समाजात मुले एका ठरावीक वयात विधीपूर्वक ‘मुरान’, म्हणजे योद्धे होतात. काही वर्षे ते गुरांचे आणि वस्तीचे रक्षक असतात. त्यानंतर ‘युनोटो’ या मोठ्या सोहळ्यातून ते ज्येष्ठत्वाकडे सरकतात. एका काळात योद्धे झालेल्या सगळ्यांचा एक वयोगट बनतो, त्याला स्वतःचे नाव असते आणि ते नाव जन्मभर पुरते. ओलामायो ही या योद्धेपणाची सर्वांत मोठी कसोटी होती.

तिचे नियम होते. आजारी, जखमी सिंहावर भाला टाकण्यात पराक्रम मानला जात नसे. सिंहीण वंश वाढवते म्हणून अशा शिकारीत तिला सोडले जाई. सिंहाला पहिला भाला मारणाऱ्याचा मान सर्वांत मोठा. त्याला एक नवे नाव मिळे, ‘सिंहनाव’, आणि पुढे लोक त्याला त्याच नावाने ओळखत. आयाळीचा मुकुट सणासोहळ्यात मिरवला जाई, शेपटीवर बायका मणी ओवत, गावोगाव नाच होत. पूर्वी एकटा योद्धाही सिंहावर जात असे. सिंह विरळ झाल्यावर शिकार समूहाने करण्याची रीत पडली. म्हणजे सिंह कमी होत असल्याची जाणीव परंपरेतही आली होती, फक्त तिचा वेग पुरेसा नव्हता.

विसाव्या शतकात या चित्रात बाहेरच्या हातांनी भर घातली. 1904 आणि 1911 च्या करारांनी ब्रिटिशांनी मसाईंना त्यांच्या उत्तरेकडच्या उत्तम कुरणांवरून हटवले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस टांझानियातल्या सेरेनगेटीतून त्यांना बाहेर काढण्यात आले. अंबोसेली 1974 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि दुष्काळात ज्या दलदलींवर गुरे जगत त्या मसाईंना बंद झाल्या. याला उत्तर म्हणून तरुणांनी उद्यानाभोवती वन्यप्राणी भाल्यांनी मारले, त्यात गेंडे होते आणि सिंहही. सरकारने जनावर जपायचे म्हटले की आपली जमीन जाते, हा धडा मसाईंनी त्या काळात घेतला. 1977 साली केनियाने सर्व प्रकारच्या शिकारीवर बंदी घातली. कायदा कडक होता, पण शेकडो चौरस किलोमीटरच्या माळावर रात्री दोन वाजता काय घडले हे विचारायला पोलीस कुठून येणार? ओलामायो चालू राहिली, फक्त लपूनछपून. त्यात विषाची भर पडली. भारतीय शेतकऱ्यांना दाणेदार कीटकनाशक म्हणून माहीत असलेले कार्बोफ्युरान मेलेल्या गाईवर टाकले की त्या गाईवर परत आलेला सिंह मरतो, शिवाय तरस, कोल्हे आणि गिधाडांचे थवेही मरतात. भाल्याच्या शिकारीत निदान जोखीम आणि नियम होते, विषात दोन्हीही नाहीत. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंबोसेली आणि त्सावोच्या मधल्या कुरणांवर सिंह इतक्या वेगाने मरत होते, की या भागातून ते काही वर्षांत नाहीसे होतील असा अंदाज अभ्यासक मांडू लागले.

पहिला उपाय पैशाचा होता. 2003 साली अंबोसेलीच्या पूर्वेकडील म्बिरिकानी या सामायिक मालकीच्या समूह-कुरणावर नुकसानभरपाई निधी सुरू झाला. पर्यटन व्यावसायिक रिचर्ड बॉनहॅम यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्थानिक न्यासाने तो चालवला. हा न्यास पुढे ‘बिग लाइफ फाउंडेशन’ या 2010 साली स्थापन झालेल्या संस्थेत सामील झाला. योजना साधी दिसते, तरी तिच्यातल्या अटी विचारपूर्वक घातलेल्या आहेत. गाय मारली गेल्याची खबर मिळताच तपासनीस जागेवर जाऊन पावलांचे ठसे आणि जखमा पाहतात आणि मारेकरी कोण ते ठरवतात. बोमा पक्का असूनही जनावर गेले तर भरपाई जास्त, राखणीत हयगय झाली असेल तर कमी. आणि त्या टापूत कुणीही सिंह मारला, तर त्या टापूतल्या सगळ्यांची त्या वेळची भरपाई अडते. त्यामुळे शेजाऱ्यावर नजर ठेवण्याचे काम शेजारीच करू लागले. सिंह मारले जाण्याचे प्रमाण खूपच घटले.

तरी मारणे पूर्ण थांबले नाही, आणि त्याचे कारण मसाई समाजाच्या रचनेतच होते. गुरे बापाच्या मालकीची, म्हणून भरपाई बापाच्या हातात. भाला मात्र मुलाच्या हातात. योद्ध्याला या पैशातून काही मिळत नव्हते, उलट त्याच्या वयाला मोठेपणा मिळवून देणारी गोष्ट बंद होत होती. लीला हज्जा या संशोधक त्या काळात म्बिरिकानीत राहून मसाई सिंहांना का मारतात याचा अभ्यास करत होत्या. मुरानांशी झालेल्या लांबलचक गप्पांमधून त्यांना हे उमगले. योद्ध्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की सिंह जपायचे तर ते काम आम्हालाच द्या, सिंहाला आमच्याइतके कोण ओळखते?

2007 साली त्या कुरणावर पाच मुरानांना पगारी कामावर घेऊन ‘लायन गार्डियन्स’ हा उपक्रम सुरू झाला. सिंह-संशोधक स्टेफनी डॉलरेनरी या त्यात हज्जांच्या सहकारी होत्या. घेतलेल्या तरुणांपैकी काहींनी स्वतः सिंह मारलेले होते, आणि ही गोष्ट अपात्रता मानली गेली नाही. उलट ज्याच्या शब्दाला मुरानांत वजन आहे असाच माणूस शिकारीला निघालेली टोळी परत फिरवू शकतो. बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांना अक्षरे, आकडे, जीपीएस यंत्र वापरणे आणि सिंहाच्या गळ्यातल्या पट्ट्याचा रेडिओ संदेश ऐकून दिशा ओळखणे शिकवले गेले. ठसा पाहून सिंह कधी गेला, एकटा होता की पिल्ले बरोबर होती, हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. ते ज्ञान शिकारीसाठीच वाढवलेले होते.

गार्डियनचा दिवस पहाटे सुरू होतो. त्याचा एक ठरलेला टापू असतो. तो पायी फिरून ठसे पाहतो, वाटेत भेटलेल्या गुराख्यांना ‘या ओढ्याच्या अंगाला आज गुरे नेऊ नका, तिथे सिंहीण पिल्लांसह आहे’ अशी खबर देतो. संध्याकाळी कुणाचे जनावर चुकले असेल तर ते शोधायला तोच निघतो. आधी सांगितल्याप्रमाणे चुकलेले जनावर हेच सिंहाचे सर्वांत सोपे भक्ष्य असल्याने, हे काम दिसायला किरकोळ असले तरी सगळ्या योजनेचा कणा आहे. कधी चुकलेले जनावर सापडते, कधी चुकलेले गुराखी पोरही सापडते, आणि अशा रात्रीनंतर त्या घराचा गार्डियनवरचा विश्वास कुठल्याही सभेतल्या भाषणापेक्षा पक्का होतो. कच्ची कुंपणे दुरुस्त करायला तो हात लावतो. आणि सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे, सिंहाने गाय मारली, तरुण जमले, भाले निघाले, अशा वेळी त्यांच्यापुढे उभे राहून समजूत घालणे. तिथे कायद्याची भाषा फार चालत नाही. ‘ही सिंहीण माझ्या ओळखीची आहे, तिने आजवर आपल्या गुरांना हात लावलेला नाही, हे दुसऱ्याचे काम आहे’ हे वाक्य चालते. टोळी ऐकेनाशी झाली तर मग वस्तीतल्या ज्येष्ठांना आणि वन्यजीव खात्याच्या माणसांना बोलावले जाते.

ही ओळख बनते ती नावांमुळे. संशोधक सिंहांना अक्षर आणि क्रमांक देत असत. गार्डियननी त्यांना मसाई नावे द्यायला सुरुवात केली: स्वभावावरून, चालीवरून, एखाद्या घटनेवरून. सिंहाच्या ओठांवरच्या मिशांच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकात वेगळी असते, तिच्यावरून संशोधक त्याची नोंद पक्की करतात. पण वस्तीवस्तीत पसरते ते नाव. कोणता सिंह कुणाचा मुलगा, तो कोणत्या ओढ्याला असतो, तो गुरांच्या वाटेला जातो की नाही, हे मग गुराख्यांच्या रोजच्या बोलण्यात येते. ज्या समाजात सिंह मारून माणूस नाव मिळवीत असे, त्या समाजात आता सिंहाला माणसाकडून नाव मिळू लागले. नाव देण्याची ही कल्पना बाहेरून आणलेली असती तर तिचे हसे झाले असते. जुन्या रिवाजाचाच धागा उलटा ओढलेला असल्याने ती मुरानांना आपली वाटली. आपल्या टापूतल्या सिंहिणीला पिल्ले झाली, ती जगली, हे सांगताना गार्डियनच्या आवाजात जो अभिमान असतो, तो आयाळीचा मुकुट मिरवणाऱ्याच्या अभिमानापेक्षा फार वेगळा नसतो.

पाचावरून गार्डियनांची संख्या वाढत चाळिशीपलीकडे गेली. अंबोसेली परिसरातील इतर समूह-कुरणांतही हे काम पसरले. परिणामांची मोजदाद 2014 साली ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाली. भरपाई योजनेमुळे सिंह मारले जाण्याचे प्रमाण 87 ते 91 टक्क्यांनी घटले होते, गार्डियन असलेल्या भागात ही घट 99 टक्के होती. हे आकडे उपक्रमाशी संबंधित संशोधकांनीच मांडलेले आहेत, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवायला हरकत नाही. पण त्या कुरणांवर सिंहांची संख्या पुढे कित्येक पटींनी वाढली, यावर या भागात काम करणाऱ्यांत मतभेद नाहीत. दोन योजनांना एकमेकींच्या विरोधात उभे करण्यातही अर्थ नाही. बापाचे नुकसान भरून निघत नसताना मुलाने सिंहाची राखण करावी, ही अपेक्षा टिकली नसती.

ओलामायोचा प्रश्न ज्येष्ठांनी आपल्या पद्धतीने सोडवला. नव्या वयोगटाच्या योद्ध्यांना वळण लावण्यासाठी मसाई परंपरेत ‘मेन्ये लायोक’ नेमलेले असतात. हे मुरानांचे सांस्कृतिक पिता, म्हणजे गुरू आणि पालक एकाच माणसात. 2008 साली अंबोसेली भागातल्या मेन्ये लायोकांनी संरक्षण संस्थांना सांगितले, की या नव्या पिढीच्या संस्कारातून सिंहाची शिकार काढून टाकायची आहे, त्याला हातभार लावा. शिकार काढली तर योद्ध्याने आपला दम कुठे दाखवायचा? त्यातून 2012 साली ‘मसाई ऑलिम्पिक’ भरले, आणि ही स्पर्धा साधारण दोन वर्षांनी भरत आली आहे. धावणे, भालाफेक, ‘रुंगू’ हा गाठीच्या टोकाचा सोटा नेम धरून फेकणे आणि मसाई नाचातल्यासारखी जागच्या जागी उंच उडी, असे सगळे प्रकार योद्ध्यांच्या रोजच्या कसबातले आहेत. स्पर्धा वेगवेगळ्या मन्याट्टांमध्ये, म्हणजे योद्ध्यांच्या छावण्यांमध्ये होते, आणि मोठ्या बक्षिसांत जातिवंत वळू असतो. पदकापेक्षा वळूसाठी जास्त चुरस होत असेल तर त्यात आश्चर्य नाही. 800 मीटर धावण्यात लंडन आणि रिओ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारे डेव्हिड रुडिशा स्वतः मसाई आहेत आणि या स्पर्धेचे पाठीराखे आहेत. मुलींच्याही शर्यती होतात. योद्ध्यांचे कौतुक कोण करते हे पाहिले तर त्या शर्यतींचे महत्त्व कळते. सिंह मारून आलेल्याभोवती नाचणाऱ्या मुलींनी आता धावपटूचे कौतुक केले, की शिकारीचे अर्धे आकर्षण संपते.

इतर ठिकाणी याच कामाने वेगवेगळी रूपे घेतली. टांझानियाच्या तारांगिरे भागात ‘टांझानिया पीपल अँड वाइल्डलाइफ’ या संस्थेने ‘जिवंत भिंती’ उभारल्या. गुग्गुळाच्या जातकुळीतल्या कोमिफोरा झाडाच्या फांद्या खांब म्हणून रोवतात, त्यांना साखळीची जाळी बांधतात. फांद्यांना मुळे फुटतात, पाला येतो, आणि कुंपण वर्षागणिक दाट होते. आपल्याकडच्या मोगली एरंडाच्या कुंपणाची आठवण यावी, इतका हा उपाय घरगुती आहे. रात्री अशा बोमात सिंह जवळजवळ कधीच शिरत नाही. शिवाय दरवर्षी काटेरी फांद्यांसाठी होणारी झाडतोडही वाचते. टांझानियातल्याच गोरोंगोरो विवराच्या परिसरात 2011 पासून ‘कोपेलायन’ संस्थेने ‘इल्चोकुती’ नावाचे राखणदार नेमले आहेत. तिथली विवराबाहेरची मसाई कुरणे ओलांडून सिंहांनी सेरेनगेटीत ये-जा करावी, हा हेतू. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड टुरेरे या मसाई मुलाने वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास पाहिले, की हलत्या दिव्याला सिंह बिचकतो. मोटारीची जुनी बॅटरी, सौर पट्टी आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा भाग जोडून त्याने बोमाभोवती आलटून पालटून लुकलुकणारे दिवे लावले. 2013 साली त्याचे हे काम टेड व्याख्यानातून जगापुढे आले. 2019 पासून अंबोसेलीला लागून असलेल्या ओल्गुलुलुई समूह-कुरणावर आठ मसाई तरुणींचे वनरक्षक पथक काम करू लागले. बायका पुरुषांना जे सांगत नाहीत ते या मुलींना सांगतात, आणि शिकारीची कुणकुण बऱ्याचदा पाणवठ्यावरच्या बोलण्यातून लागते.

या सगळ्याची परीक्षा दुष्काळ घेतो. 2009 सालच्या दुष्काळात अंबोसेलीत झेब्रे, विल्डबीस्ट आणि मसाईंची गुरे प्रचंड संख्येने मेली. दुष्काळात सिंहाचे पोट भरते, कारण मरतुकडी जनावरे सगळीकडे असतात. हाल त्यानंतर सुरू होतात. पाऊस आल्यावर रानात शिकार उरलेली नसते आणि उरलीसुरली गुरे गुराख्याला जिवापेक्षा प्यारी झालेली असतात. नेमक्या तेव्हाच सिंह बोमाकडे वळतो. 2023 साली, काही वर्षे लांबलेल्या दुष्काळानंतर, हेच पुन्हा घडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘लून्किटो’ हा नर सिंह रात्री अन्नासाठी उद्यानाबाहेरच्या ओल्केलुन्येत गावातल्या बोमात शिरला आणि भाल्यांनी मारला गेला. त्याचे वय 19 वर्षे होते. रानातला नर सिंह इतका जगल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. त्याच्या पिल्लूपणापासूनची हकिगत तिथल्या लोकांना ठाऊक होती. काही दिवसांतच म्बिरिकानीत 11 शेळ्या आणि एक कुत्रा मारणाऱ्या सहा सिंहांना गावकऱ्यांनी एकाच वेळी मारले. आठवडाभरात एकूण किमान 10 सिंह गेले. जगभर हळहळ व्यक्त झाली, त्या 11 शेळ्यांच्या मालकाबद्दल मात्र फारशी नाही. केनियाच्या 2013 च्या वन्यजीव कायद्यात भरपाईची तरतूद आहे, पण सरकारी दावे वर्षानुवर्षे पडून राहतात, अशी तक्रार त्या भागात सर्रास ऐकू येते.

लून्किटोच्या मरणाने गार्डियनांचा उपक्रम फसला असे म्हणणारेही निघाले. ते बरोबर नाही. 19 वर्षांपैकी बराच काळ तो याच मसाई कुरणांच्या आसपास वावरला आणि त्या सगळ्या काळात त्याला मारण्याइतके जवळ गेलेले कितीतरी तरुण परत फिरले असणार. मात्र सिंह वाढले की गुरांवरचे हल्लेही वाढतात, हा हिशेब कुठल्याही योजनेला टाळता येत नाही. यश आले की खर्च वाढतो, आणि तो खर्च देणगीदारांच्या मर्जीवर फार काळ सोडणे धोक्याचे आहे.

यापुढचा मोठा प्रश्न सिंहापेक्षा जमिनीचा आहे. 1968 च्या कायद्याने केनियातल्या मसाई कुरणांचे ‘समूह-कुरण’ या रूपात सामायिक मालकी हक्क नोंदवले गेले. सगळ्यांची गुरे सगळीकडे फिरत, म्हणून सिंहालाही फिरता येत असे. नंतर ही कुरणे सभासदांत वाटली जाऊ लागली, सातबारा वेगळा व्हावा तशी. वाटणी झाली की कुंपण येते, कुंपणामागून पाण्याचा पंप, आणि मग टोमॅटो किंवा ॲव्होकाडोची शेती. केनियातल्याच मसाई मारात यावर एक तोड निघाली. 2005-06 पासून तिथल्या जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिले. दरमहा भाडे खात्यात जमा होते, गुरे ठरलेल्या वेळापत्रकाने चरतात आणि गवताळ माळ एकसंध राहतो. त्या राखीव माळांवर आज सिंहांची दाटी आफ्रिकेतल्या उत्तम ठिकाणांच्या तोडीची आहे. पण 2020 साली महामारीने पर्यटक थांबले तेव्हा अनेक ठिकाणी भाडे कमी करावे लागले. अंबोसेलीकडे माराइतके पर्यटकही नाहीत. तिथल्या समूह-कुरणांची वाटणी मात्र सुरू झाली आहे, आणि ज्या मोकळ्या माळावर गार्डियन रोज पहाटे ठसे शोधत चालतात, त्यातला बराचसा भाग येत्या काळात कुणा ना कुणाच्या एकट्याच्या नावावर असेल.